मुक्या जलचराची प्रकृती

दिल्ली, नोएडा वा गुरुग्राम येथील ज्या वाचकांनी ॲक्सोलॉटल पाळला आहे, त्यांच्यासाठी उन्हाळा हा कसोटीचा काळ होय. हा प्राणी मासा नव्हे. तो बेडकाप्रमाणे उभयचर वर्गातला. मेक्सिकोतील सोचिमिल्कोचे थंड पाणी हे त्याचे मूळ घर. त्याला 16 ते 18 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. 24 अंशांपुढे त्याची प्रकृती ढासळू लागते. आणि मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा 40 अंश ओलांडतो!

मुका जीव दुखणे बोलून दाखवीत नाही. म्हणून रोज खाणे घालण्यापूर्वी त्याला क्षणभर निरखून पाहावे. पिसांसारखे कल्ले पुढे वळले, शेपटीचे टोक आकड्यासारखे वाकले किंवा आवडीचे गांडूळही त्याने वारंवार नाकारले, तर काही बिघडले आहे असे समजावे. कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसणे ही बहुधा बुरशीची खूण होय.

अशा वेळी माशांची औषधे टाकीत ओतू नयेत. त्याची नाजूक त्वचा ती शोषून घेते. प्रथम पाण्याची परीक्षा करावी. अमोनिया व नायट्राइट शून्य असले पाहिजेत. तसे नसल्यास काही पाणी तत्काळ बदलावे. एरवी आठवड्यास पाव भाग बदलणे पुरेसे. नवे पाणी क्लोरीन घालवलेले व थंड असावे. गच्चीवरील टाकीचे तापलेले पाणी थेट ओतू नये. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण अमोनिया पचविणारे उपकारक जिवाणू त्यातच वसतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. तळाशी खडे नसावेत. प्राणी ते गिळतो.

पाण्यावर पंखा सोडल्यास मे महिन्याच्या कोरड्या हवेत थोडा गारवा येतो. जुलैच्या दमट हवेत तो उपाय फिका पडतो. तेथे पाणी थंड करणारे यंत्रच हवे. एवढे करूनही सुधारणा न दिसल्यास पशुवैद्याला गाठावे.

हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादीत आहे. 2022 च्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीनुसार व 2024 च्या नियमांनुसार त्याची नोंदणी आवश्यक आहे. सांभाळणे अशक्य झाले तरी त्याला यमुनेत वा तळ्यात सोडू नये. ज्यांच्या मनात तो आणण्याचा विचार आहे, त्यांनी आधी एकच प्रश्न स्वतःस विचारावा: भर उन्हाळ्यात वीज गेली, तर या पाण्याचा गारवा आपण टिकवू शकू काय?