रिकामं ताट परत द्यायचं नसतं

दोस्तहो, आज एक कोडं घालते. असा देश कोणता, की जिथे डिसेंबरात दुकानं दिव्यांनी झगमगतात, जिकडे तिकडे सांताक्लॉज दिसतो, पण २५ डिसेंबरला सरकारी सुट्टी मात्र नसते? सांगा पाहू!

हरलात? जपान! २०१५ साली मी तिथल्या यामागुची शहरात एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. मुलं सातवीतली, म्हणजे अगदी तुमच्याच वयाची.

तुम्ही म्हणाल, मराठी बाई जपानमध्ये इंग्रजी शिकवते? अहो, मलाही सुरुवातीला धाकधूक होतीच. मी वसईच्या मराठी शाळेतली, ए-बी-सी-डी गिरवली तीच मुळी पाचवीत!

डिसेंबर आला आणि आमच्या मोठ्या सरांनी माझ्या हातात सांताची लाल टोपी ठेवली. म्हणाले, "मुलांना तुमच्या नाताळाबद्दल सांगा." मी म्हटलं, "सर, मी ख्रिस्ती नाही." ते हसून म्हणाले, "मग आम्ही तरी कुठे आहोत?"

खरंच होतं ते. जपानमध्ये शंभरात जेमतेम एक माणूस ख्रिस्ती. आणि गंमत अशी, की तिथल्या नाताळाचा धागा थेट आपल्या गोव्याशी जुळतो! गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोचले. पुढे ते यामागुचीतही राहिले. १५५२ साली याच गावात जपानमधला पहिला नाताळ साजरा झाला, असं मानतात. नंतर १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. ती उठली १८७३ साली!

आता तिथे नाताळ म्हणजे पांढऱ्या क्रीमचा, वर लालचुटुक स्ट्रॉबेऱ्या लावलेला केक. आणि तळलेलं चिकन! १९७४ साली केंटकी कंपनीने तशी जाहिरात केली आणि लोकांनी ती इतकी मनावर घेतली, की आता कित्येक दिवस आधी नंबर लावावा लागतो. दुकानाबाहेरच्या दाढीवाल्या कर्नलच्या पुतळ्यालाही सांताचे कपडे चढवतात!

तर मी टोपी घालून वर्गात गेले. फळ्यावर प्रश्न लिहिला, 'नाताळला तुम्ही काय करता?' पहिला मुलगा उठला, "आय ईट केक." दुसरी, "आय ईट केक." तिसरा, "आय ईट चिकन." पाठ केल्यासारखी उत्तरं! कोणाला काही सांगायचं नव्हतं आणि खरं सांगू, मलाही काही ऐकायचं नव्हतं.

मग मी टोपी काढून ठेवली आणि फळ्यावर एक ताट काढलं. म्हटलं, हा माझा नाताळ. आमच्या शेजारच्या आँटी दर नाताळला कलकल आणि करंज्यांचं ताट पाठवायच्या. आई ते धुऊन ठेवायची, पण रिकामं परत द्यायची नाही. कधी लाडू, कधी वड्या, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालून ताट परत जायचं. दिवाळीला आमचं ताट त्यांच्याकडे जायचं, तेही तसंच भरून यायचं.

वर्ग शांत झाला. इतक्यात शेवटच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. वर्षभरात त्याने तोंड उघडलं नव्हतं! कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. म्हणाला, "टीचर... नाऊ... युअर प्लेट... हू?"

व्याकरणाचे तीनतेरा! पण अर्थ कळला ना तुम्हाला? 'आता तुम्हाला ताट कोण पाठवतं?' इतके महिने मी विचारत होते आणि मुलं उत्तरं देत होती. आज पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं, कारण त्याला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "नोबडी." आणि फळा पुसण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली.

जपानमध्ये खरा घरचा सण नवं वर्ष. लोक एकमेकांना शुभेच्छांची कार्डं पाठवतात. २५ डिसेंबरपर्यंत ती पेटीत टाकली, की पोस्टखातं जपून ठेवतं आणि १ जानेवारीला घरोघर पोचवतं. सुट्टी संपवून शाळेत गेले, तर माझ्या टेबलावर एक कार्ड! त्यावर पेन्सिलने काढलेलं ताट, ताटात तांदळाचे दोन गोल मोची आणि खाली तीन शब्द : 'टीचर, प्लीज ईट.'

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. कार्डावर करंज्या काढल्या. रिकामं ताट परत द्यायचं नसतं ना!

तेव्हा दोस्तहो, इंग्रजी बोलताना चुकलं तर चुकू दे. पण समोरच्याला एक तरी खराखुरा प्रश्न विचारा. आणि हो, या नाताळला तुमच्या शेजारी, वसतिगृहात, वर्गात कोणी घरापासून लांब आलेलं असेल, तर त्याच्याकडे एक ताट न्या. काय झालं ते मला जरूर कळवा!