चिखल, माळ आणि बाभळी

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा परीट आलेला असेल. कपडे धुणारा नव्हे. शेपटी वरखाली आपटीत ओल्या जागी तुरुतुरु चालणारा. काही जण त्याला धोबी म्हणतात. संस्कृत कवींनी सुंदर डोळ्यांना ज्याची उपमा देऊन देऊन झिजवली तो खंजन हाच. दिवाळीच्या सुमारास तो उत्तरेकडून येतो आणि चकलीचा तुकडा तोंडात असतानाच आमच्या घरी प्रश्न निघतो, "यंदा पक्षी बघायला कुठे जायचे?"

ओळखीची मंडळीही हेच विचारतात, आणि त्यांना हवे असते एका गावाचे नाव. पण पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर जागेच्या नावाला महिना जोडल्यावाचून काही अर्थ नाही. भिगवणचेच घ्या. सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर उजनी धरणाचा फुगवटा आहे. रोहित पाहायचे म्हणून हौशी कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीतच तिथे धावतात आणि बहुधा पाणी बघून परत येतात. पावसाने धरण भरलेले असते. रोहिताला हवा असतो उथळ चिखल. आपली वाकडी चोच उलटी बुडवून तो त्यातून शेवाळ अन् बारीक जीव गाळून घेतो; त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. हा चिखल उघडा पडतो तो पाणी उतरू लागल्यावर, साधारण जानेवारीपासून पुढे. तेव्हा भिगवणला जाण्याआधी पंचांग पाहू नये, वर्तमानपत्रातला धरणाच्या पाणीसाठ्याचा आकडा पाहावा. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही तेव्हा काठावरच्या हिरवळीत गाईगुरांसारखे चरताना दिसतात.

तिथले मच्छीमार आता होडीतून पक्षी दाखवतात. एकदा आमच्या होडीवर सत्तरीच्या घरातले एक मामा होते. रोहितांचा थवा दिसताच आम्ही सारे गप्प झालो, तेव्हा ते सहज म्हणाले, "ती पाखरं हुबी हायेत न्हवं, तिथं आमची जवारी व्हायची, सर." हे धरण १९८० साली पुरे झाले आणि कित्येक गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार आटले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ अजून डोके वर काढते. मामांना काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. तेच म्हणाले, "आणखी पंधरा दिसांनी या. पाणी आटलं की पाखरं जवळ येत्यात." त्यांच्याइतकी नेमकी माहिती मला कुठल्याही पुस्तकात मिळालेली नाही.

दुसरी जागा माळाची. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. चिंकारा हरणांसाठी ते प्रसिद्ध. पण मी जातो तो पखुर्डी, धाविक आणि चंडोलांसाठी. यांची अंडी उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची. पाऊल जपून टाकावे लागते. डोंबारी चंडोलाचा नर हवेत उंच चढतो आणि दगडासारखा खाली येतो. नाव ज्याने ठेवले त्याला माझा नमस्कार. हिवाळ्यात भोवत्या नावाचा शिकारी पक्षी गवतालगत तरंगत असतो.

असे माळ अभयारण्याबाहेरही पुष्कळ आहेत. त्यांचे दुर्दैव एवढेच, की आपल्या भाषेत त्यांना ‘पडीक’ म्हणतात. भाषेच्या मास्तराने सांगावे असे नाही, पण एका शब्दाने केवढे नुकसान होते पाहा! पडीक म्हटले की कोणी प्लॉट पाडतो, कोणी सद्‌बुद्धीने झाडे लावतो. वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला तेव्हापासून खड्डा खणून रोप लावणे हे पुण्यकर्म ठरले आहे. पण माळावर झाडे उभी राहिली की त्यांवर कावळे बसतात, अंडी टिपतात आणि चंडोल उठून जातात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तिथे तो दिसला तर बातमी होते.

उन्हाळ्याचे थोडक्यात सांगतो. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत ओढा आटतो, एखादे डबके उरते. त्याच्यापासून दूर, सावलीत सकाळी सातला बसावे आणि हलू नये. चालणाऱ्याला मिळत नाही ते बसणाऱ्याला मिळते. स्वर्गीय नर्तक आपली लांब पांढरी शेपटी मिरवीत पाण्यावर येतो. मेअखेरीस नशीब असेल तर नवरंगाची शीळ.

आणि पावसाळ्यात लांब जाऊच नये. चातक आफ्रिकेकडून समुद्रावरून आलेला असतो, पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडत असतो. गावाबाहेरच्या कुठल्याही विहिरीवर वाकलेली बाभूळ पाहावी. तिच्यावर सुगरणींची वसाहत असते. विणणारा नर, पसंत-नापसंत करणारी मादी. घरातल्या मंडळींना हा भाग विशेष आवडतो. फक्त अशा विहिरींना बहुधा कठडा नसतो. मुलांचा हात धरून ठेवा.