लाल बटनाच्या मागची तार

येत्या खंडेनवमीला भोसरी-चाकणपासून सातपूर-अंबडपर्यंत आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांपासून वाळूजपर्यंत यंत्रे पुसली जातील, पॅनेलला हळदकुंकू लागेल, झेंडूची माळ चढेल. त्या दिवशी यंत्रे थांबलेली असतात, माणसे हजर असतात आणि डिस्पॅचची घाई नसते. मेंटेनन्स खात्याच्या वाट्याला असा दिवस क्वचित येतो. म्हणून या वेळी वाचकांकडे एक मागणे आहे. माळ घालण्याआधी शेडमधले प्रत्येक इमर्जन्सी बटन दाबा, आणि ते ज्या ब्रेकरला जोडले आहे तो खरोखर पडतो का, हे पॅनेलसमोर उभे राहून पाहा.

बटन लाल आहे, पिवळ्या पाटीवर आहे, हाताच्या उंचीवर आहे. ऑडिटच्या कागदावर त्याच्यापुढे टिकमार्कही आहे. पण बटन स्वतः ब्रेकर पाडत नाही. त्याच्या मागे दोन तारा निघतात, केबल ट्रेमधून कधी पन्नास, कधी शंभर मीटर जातात, पॅनेलच्या टर्मिनलवर येतात आणि तिथून ब्रेकरच्या पोटातल्या काडेपेटीएवढ्या कॉइलपर्यंत पोचतात. कॉइलला वीज मिळाली तर तिच्यातला दांडा उडतो, ब्रेकरची खिटी सुटते आणि ब्रेकर उघडतो. ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झाले तर ब्रेकर आपले आपण पडतो, त्याला कोणाची मदत लागत नाही. दुरून पाडायचा असेल तर मात्र सगळी भिस्त या कॉइलवर असते.

ही कॉइल दोन प्रकारची मिळते. आपल्याकडे सर्रास बसवतात ती शंट ट्रिप. तिला वीज दिली की ती ब्रेकर पाडते. दुसरी अंडरव्होल्टेज रिलीज, म्हणजे शॉपफ्लोअरवरची यूव्ही कॉइल. तिची वीज गेली की ती ब्रेकर पाडते. वायर तुटली, लग सैल झाला, उंदराने केबल खाल्ली किंवा कंट्रोलचा फ्यूज उडाला, तर यूव्ही कॉइल त्याच क्षणी ब्रेकर पाडून ओरडून सांगते की काहीतरी बिघडले आहे. शंट ट्रिप काहीच सांगत नाही. ती वर्षानुवर्षे मेलेली असू शकते आणि पॅनेल मात्र अगदी ठणठणीत दिसते. ज्या दिवशी कोणी जीव तोडून बटन दाबतो, त्या दिवशी ते कळते.

हा दोष कोणा एका कंपनीच्या मालाचा नाही, ही त्या जोडणीची जातच आहे. आपल्या उद्योगाला हे ठाऊक नाही असेही नाही. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात २२ केव्हीवर वीज घेणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या व्हीसीबी पॅनेलपाशी जा. तिथे ‘ट्रिप सर्किट हेल्दी’ असा दिवा असतो. कॉइलमधून अगदी थोडा करंट सोडून तो सांगतो की तार अखंड आहे, कॉइल शाबूत आहे. शिवाय ट्रिपिंगसाठी बॅटरी किंवा पॉवर पॅक असतो, म्हणजे लाईट गेली तरी ब्रेकर पाडण्यापुरती ताकद शिल्लक राहते. तिथून ट्रान्सफॉर्मर ओलांडून एलटी पॅनेलवर आलो की ही सगळी काळजी नाहीशी होते. माणसे तर काम करतात एलटीच्या बाजूला! दिवा, रिले आणि चार वायरी यांचा खर्च पॅनेलच्या किमतीत दिसतही नाही. मेन इनकमरच्या आणि माणसाच्या सुरक्षेसाठी असलेल्या प्रत्येक फीडरच्या शंट कॉइलला, त्या कॉइलला चालणारा ट्रिप सर्किट सुपरव्हिजन रिले हवाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंट ट्रिपवर केवळ बटनच अवलंबून असते तर एक वेळ चालले असते. आपल्याकडच्या असंख्य पॅनेलमध्ये अर्थ लीकेज रिलेही तिच्याच भरवशावर असतो. केबलभोवती सीबीसीटीची कडी असते, ती गळती पकडते, रिले उठतो, आणि रिलेचा कॉन्टॅक्ट शंट कॉइलला वीज देऊन एमसीसीबी पाडतो. साखळीचा शेवटचा दुवा तीच कॉइल. ती जळलेली असेल तर रिलेवर लाल दिवा लागतो आणि गळती तशीच चालू राहते. ओल्या फरशीवर वेल्डिंग करणाऱ्या माणसाला त्या दिव्याचा काय उपयोग? रिलेवरचे टेस्ट बटन दाबून, दिवा लागला म्हणून समाधान मानणारे बरेच सुपरवायझर दिसतात. दिवा लागणे म्हणजे चाचणी झाली असे नाही. ब्रेकरचे हँडल मधल्या ट्रिपच्या खुणेवर आले, तरच चाचणी झाली.

जनरेटर असलेल्या कारखान्यांनी आणखी एक गोष्ट तपासायची आहे. शंट ट्रिपचा कंट्रोल सप्लाय कुठून घेतला आहे? पॅनेलवाल्याने तो महावितरणच्या इनकमरवरून घेतला असेल, तर लाईट गेल्यावर आणि डीजी चालू असताना कॉइलला वीजच मिळत नाही. शेड चालू असते, प्रेस चालू असतात, आणि सगळी इमर्जन्सी बटने भिंतीवरची शोभा झालेली असतात. पावसाळ्यात काही एमआयडीसींमध्ये दिवसाचे तास न् तास डीजीवर जातात, तेवढा वेळ तो कारखाना बटनाविना चालतो. कंट्रोल सप्लाय दोन्ही स्रोतांतून आपोआप बदलून मिळाला पाहिजे, किंवा सरळ यूपीएस वा बॅटरीवरून घेतला पाहिजे. याची उलट बाजूही पाहा. जनरेटर आपोआप सुरू करणारे एएमएफ पॅनेल व्होल्टेज कुठे बघते? ब्रेकरच्या पुढच्या बसबारवर बघत असेल, तर आगीच्या वेळी बटन दाबून मेन पाडला की ‘लाईट गेली’ असे समजून जनरेटर सुरू होईल आणि काही सेकंदांत तीच बस पुन्हा जिवंत करील. इमर्जन्सी ट्रिप झाल्यावर डीजीचे ऑटो स्टार्ट अडवणारा कॉन्टॅक्ट जोडलेला आहे का, हे वायरिंग डायग्रामवर बोट ठेवून पाहावे. छतावर सोलर असेल तर मेन पडल्यावर इन्व्हर्टर थांबतो, पण सोलर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी केबल ऊन असेपर्यंत जिवंतच राहतात. बटनाखालच्या पाटीवर हे बटन काय बंद करते आणि काय करत नाही, हे मराठीत लिहिले पाहिजे. हिंदी वाचणारे कामगार असतील तर हिंदीतही.

आता बसवण्याकडे वळू. कॉइल बसवणे हे काम दिसायला सोपे आहे. हल्लीच्या एमसीसीबीत पुढचे झाकण उघडून ती खाच्यात दाबली की कट् आवाज होतो आणि बसते. त्याआधी वरून सप्लाय बंद, कुलूप, टॅग आणि टेस्टरने तिन्ही फेज मेल्याची खात्री, हे चुकवायचे नाही. ब्रेकर बंद केला म्हणून त्याची वरची टर्मिनल मरत नाहीत. चुका बहुतेक त्यानंतर होतात. कॉइलवर ४१५ व्होल्ट छापलेले असते आणि तिला फेज-न्यूट्रलवर २४० दिले जातात. हे झाले ५८ टक्के. आयईसी मानकांप्रमाणे शंट रिलीजने आपल्या व्होल्टेजच्या ७० ते ११० टक्क्यांच्या पट्ट्यात काम केलेच पाहिजे. ५८ टक्क्यांवर ती कधी ब्रेकर पाडते, कधी नुसती गुणगुणते. उलटे केले, म्हणजे २४० ची कॉइल दोन फेजमध्ये जोडली, तर ती जळते.

दुसरी चूक थोडी लपलेली आहे. सुरक्षित म्हणून २४ व्होल्ट डीसीचा आग्रह धरला जातो. उचलताना २०० व्हीए खेचणारी एसीबीची कॉइल घ्या. २४ व्होल्टवर तिला आठ अँपिअरहून अधिक लागतात. बटन शंभर मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर तार होते. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीचा रोध सुमारे २.४ ओहम, आणि कॉइलचा स्वतःचा जेमतेम २.९. म्हणजे निम्म्याच्या आसपास व्होल्टेज वाटेतच संपते. कॉइलपाशी सुमारे १३ व्होल्ट पोचतात, ५४ टक्के. पॅनेलवाल्याच्या टेबलावर दोन मीटर वायरीने ती खणखणीत पडलेली असते, साइटवर पडत नाही. अशा वेळी लांबच्या बटनाने पॅनेलमधला छोटा रिले उचलावा आणि कॉइलची वीज पॅनेलमधूनच द्यावी.

तिसरी चूक चाचणी करताना दिसते. इमर्जन्सीचे मशरूम बटन दाबले की अडकून बसते, फिरवल्याशिवाय सुटत नाही. तसेच ते असायला हवे. पण त्यामुळे शंट कॉइलला वीज मिळतच राहते. सगळ्या कॉइल कायम वीज सोसणाऱ्या नसतात. म्हणून कॉइलच्या सिरीजमध्ये ब्रेकरचाच ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट घालतात, ब्रेकर उघडला की कॉइलची वीज तुटते. काही कॉइलमध्ये ही सोय आतच असते. ती आहे की नाही हे कॅटलॉग उघडून पाहावे लागते. नसेल आणि कॉन्टॅक्टही घातला नसेल, तर पहिल्या दाबण्यात ब्रेकर पडतो, सगळे खूश होतात, आणि चहा येईपर्यंत कॉइल जळून जाते. खंडेनवमीच्या चाचणीत म्हणूनच बटन दोनदा दाबा. एकदा पाडा, बटन पाच मिनिटे दाबलेलेच ठेवा, मग बटन सोडवा, हँडल पूर्ण खाली नेऊन रीसेट करा, चढवा आणि पुन्हा पाडा.

यूव्ही कॉइलविषयी लोकांची तक्रार खरी आहे. आभाळ गडगडले, शेजारच्या फीडरवर फॉल्ट झाला, व्होल्टेजने क्षणभर डुबकी मारली की मेन पडतो. मानकाप्रमाणे ही कॉइल ७० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान सुटते, त्यामुळे मोठी डुबकी ती सोसत नाही. मग रात्रपाळीचा वायरमन वैतागून तिला बायपास करतो आणि ते बायपास कायमचे राहते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला उत्पादन चालू ठेवायचे असते. उपाय तयार मिळतो. यूव्ही कॉइलसाठी टाइम डिले युनिट येते, ते छोट्या डुबक्या गिळते. फक्त इमर्जन्सी बटन त्या युनिटवर उत्पादकाच्या आकृतीप्रमाणेच जोडायचे, नाहीतर बटनाच्या ट्रिपलाही तेवढाच उशीर लागेल. यूव्हीचा सप्लाय ब्रेकरच्या आधीच्या बाजूने घ्यावा लागतो, पुढून घेतला तर ब्रेकर चढतच नाही आणि नवा ब्रेकर खराब निघाला म्हणून परत पाठवला जातो. माणूस यंत्रात अडकू शकतो अशा जागी मी यूव्हीच्याच बाजूने उभा आहे. तिचा त्रास गाजावाजा करून होतो, शंटचा गुपचूप.

बटन दाबल्यावर सरसकट मेन पाडणे हेही शहाणपणाचे नाही. जालन्याच्या पोलाद पट्ट्यात भंगार उचलणारी मॅग्नेट क्रेन असते. तिची वीज तोडली की लोंबकळणारा टनभर माल खाली येतो. इंडक्शन फर्नेसच्या कॉइलचे थंड पाणी थांबले तर भट्टीच धोक्यात येते, म्हणून पंपाचा फीडर वेगळा आणि त्या बटनाच्या बाहेर ठेवावा लागतो. पॉवर प्रेसची वीज गेली तरी फ्लायव्हील फिरतच राहते, तिथे क्लच-ब्रेकची व्यवस्थाच माणसाला वाचवते. कुठल्या बटनाने काय पाडायचे, हे पॅनेलवाल्याने ठरवायचे नाही. ते प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि त्या यंत्रावर रोज उभा राहणारा ऑपरेटर यांनी एकत्र बसून ठरवायचे.

आणि ट्रिप झाली म्हणजे हात घालायला मोकळीक झाली, असे नाही. दुरून पाडलेला ब्रेकर दुसरा कोणीतरी, कारण न विचारता, चढवू शकतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम २४ मध्ये, चालू यंत्रांची वीज आणीबाणीत तोडण्याची साधने प्रत्येक कामाच्या खोलीत बसवावीत आणि सुस्थितीत राखावीत असे सांगितले होते. चुकून चालू होऊ शकणाऱ्या साधनाला कुलूपबंद ठेवण्याची सोयही त्याच कलमात होती. पंचाहत्तर वर्षे उलटून गेली. बसवण्याचा भाग आपण बऱ्यापैकी पाळला.

नवे पॅनेल घेणार असाल तर ऑर्डरमध्ये ‘शंट ट्रिपसह’ एवढेच लिहून थांबू नका. कॉइलचे व्होल्टेज, कंट्रोल सप्लायचा स्रोत, डीजीवर असताना तो कुठून मिळेल, ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट, सुपरव्हिजन रिले आणि साइटवरची तारेची लांबी, हे सगळे लिहा. पॅनेल तपासायला जाल तेव्हा डिमरस्टॅट मागा, पॅनेलवाल्याकडे तो असतोच. कंट्रोल व्होल्टेज ७० टक्क्यांवर आणायला सांगा आणि बटन स्वतःच्या हाताने दाबा. ब्रेकर पडला नाही तर पॅनेल गाडीत चढवू देऊ नका.