लग्नाची नखे आणि मृगाची पेरणी



शेतीच्या पानावर नखांचा विषय कसा, असे काहींना वाटेल. परंतु ईस्टरनंतर लग्नांचा हंगाम सुरू झाला की आपल्या गावोगावच्या मुली बेळगावला किंवा मडगावला जाऊन नखे करून येतात, आणि हंगाम संपता संपता मृग नक्षत्र दाराशी उभे राहते. पंधरा दिवसांपूर्वी पार्लरच्या खुर्चीत असलेले हात चिखलात, शेणात, म्हशीच्या सडाला लागतात. तेव्हा हा विषय याच पानाचा आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. बाटलीतला नखरंग लावला, चार दिवसांत टवके उडाले, संपले. आता पार्लरमध्ये गेलेल्या मुलीला विचारतात, "जेल हवे, डिप हवे, की ॲक्रिलिक?" मुलगी गोंधळते आणि ज्याचा भाव मधला असेल ते घेते. किंवा मैत्रिणीने जे घेतले ते घेते. दर ऐकून आई डोक्याला हात लावते, पण लग्न एकदाच होते म्हणून गप्प बसते. माझे म्हणणे असे की दर नंतर विचारावा. आधी दोन गोष्टी विचाराव्यात. हे नखावर किती दिवस राहणार, आणि निघताना कसे निघणार?

जेल हा जाडसर नखरंगच आहे, पण तो हवेने वाळत नाही. निळसर दिव्याखाली हात धरला की त्यातली द्रव्ये एकमेकांना जोडली जाऊन टणक थर होतो. दोन आठवडे चांगला टिकतो. निघताना वरचा चकाकीचा थर कानशीने हलका घासतात, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर चांदीसारखा कागद गुंडाळतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी सुटलेला थर लाकडी काडीने अलगद सारतात.

डिप म्हणजे भुकटीत बोट बुडवणे. आधी नखाला एक चिकट द्रव लावतात. फुटलेली कपबशी जोडायला आपण दुकानातून जो झटपट डिंक आणतो, त्याच घराण्यातला तो. मग भुकटी आणि वरून घट्ट करणारा द्रव. दिवा लागत नाही, हा त्याचा गुण. तीन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकते. एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून पाहावी. दहा बायकांची बोटे एकाच डबीत बुडत असतील तर तिथून उठावे. चांगल्या ठिकाणी भुकटी नखावर ओततात किंवा प्रत्येकीसाठी वेगळी काढून घेतात.

ॲक्रिलिक सर्वांत जुने. दंतवैद्य ज्या जातीच्या द्रव-भुकटीतून कवळ्या बनवतात, त्याच जातीची ही वस्तू. द्रवात बुडवलेल्या कुंचल्याने भुकटीचा गोळा उचलून नखावर पसरतात आणि हवे तेवढे लांब नख घडवतात. दर दोन-तीन आठवड्यांनी मुळाशी वाढलेली फट भरून घ्यावी लागते. आपले नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणून फट ही पडणारच, मग कोणताही प्रकार घ्या. या तिघांशिवाय कठीण जेल म्हणून एक प्रकार आहे. तो ॲसिटोनने विरघळत नाही, घासूनच काढावा लागतो. घासणारीचा हात जड असेल तर आपले नखही त्याबरोबर जाते.

आता माझे मत सांगते. शेतीघरातल्या मुलीने ॲक्रिलिकच्या वाटेला जाऊ नये, आणि नखे वाढवून घेण्याच्या तर मुळीच नाही. हे जुन्या माणसाचे कुरकुरणे नव्हे. लांब टणक नख पोत्याच्या शिवणीत, वैरणीच्या पेंढीत किंवा गुराच्या दाव्यात अडकले, तर ते सहजी मोडत नाही. खालचे आपले नख पलंगापासून उचकटते. पार्लरमध्ये बसणारीला हा धोका कमी असतो, आपल्याला रोजचा. त्यातच काही ठिकाणी अजूनही मिथाइल मेथाक्रिलेट नावाचे स्वस्त द्रव वापरतात. त्याच्या इजांच्या तक्रारी आल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1974 सालीच शुद्ध मिथाइल मेथाक्रिलेटच्या नखद्रव्यांविरुद्ध कारवाई केली होती. ओळखायची खूण म्हणजे नाकात झोंबणारा वास, कानशीलाही दाद न देणारा टणकपणा आणि ॲसिटोनमध्ये कितीही भिजवले तरी न सुटणे. दर फारच कमी असेल तर शंका घ्यावी.

मग जेल की डिप? टिकण्याच्या हिशेबाने डिप पुढे आहे, आणि नेमके म्हणूनच मी जेलच्या बाजूने आहे. मेच्या मध्यात लग्न असेल तर जेलचे दोन आठवडे महिनाअखेरीस संपतात, हात मोकळे होतात, आणि सात-आठ जूनला मृग निघतो. डिप त्या वेळी नखावरच असते, कडा उचललेली. उचललेल्या कडेखाली पाणी शिरले की बाहेर येत नाही. त्या ओलाव्यात जंतू वाढून नख हिरवट पडते. भाताच्या लावणीत दिवसभर पाण्यात हात असलेल्या बाईला नखुर्डे तसेही छळते. त्यावर ही भर कशाला? जास्त टिकणारे ते जास्त चांगले, हा हिशेब शेतकऱ्याच्या हाताला लागू पडत नाही.

दूध काढणाऱ्या बायकांना तर वेगळे सांगायला नको. वाढलेले नख सडाला ओरखडा काढते, ओरखड्यातून दगडी होण्याची वाट मोकळी होते. तेव्हा जेल लावले तरी नख बोटाच्या टोकापुढे जाऊ नये एवढेच आखूड हवे. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 सालच्या हस्तस्वच्छतेच्या सूचनांतही आहे. लांब आणि खोट्या नखांखाली जंतू लपतात, हात धुऊनही निघत नाहीत. घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असेल, किंवा न्हाणीघरातले बाळ असेल, तर तीच सूचना आपल्यालाही.

जेलच्या दिव्याविषयी मुली विचारतात. त्यातून अतिनील किरण निघतात. "आमचा एलईडी आहे, त्यात तसले काही नसते" असे सांगणारी चुकीचे सांगते. त्यातही ते असतातच. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठातील संशोधकांनी 2023 साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी अशा दिव्याखाली वीस मिनिटे ठेवल्या, तेव्हा वीस ते तीस टक्के पेशी मेल्या. पण पेशी म्हणजे हात नव्हे, आणि नखे वाळवायला एका खेपेला वीस मिनिटे लागत नाहीत. वर्षातून एकदा-दोनदा हात धरणाऱ्या मुलीने घाबरून जाऊ नये. बोटांची टोके कापलेले हातमोजे घालावेत किंवा आधी उन्हाचे मलम चोळावे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. महिन्यातून दोनदा जाणारीने मात्र विचार करावा.

माझ्या मते दिव्यापेक्षा मोठा धोका दुसराच आहे, आणि त्याची चर्चा होत नाही. जेल पूर्ण घट्ट होण्याआधी कातडीला लागले तर त्यातील हेमा नावाच्या द्रव्याची ॲलर्जी जडू शकते. नखांभोवती खाज, भेगा, बोटांच्या टोकांना फोड, आणि तोच हात डोळ्याला लागल्याने सुजलेल्या पापण्या. एकदा जडली की ती सहसा जन्मभराची. पुढे दातात भरण घालताना किंवा गुडघ्याचा सांधा बदलताना त्याच जातीची द्रव्ये वापरतात, तेव्हाही डॉक्टरांना सांगावे लागते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली याबद्दल जाहीर इशारा दिला. युरोपात 2020 सालच्या नियमाने हेमा असलेली नखद्रव्ये फक्त व्यावसायिकांनीच वापरावीत असे ठरले, आणि जेल घट्ट करणारे टीपीओ नावाचे द्रव्य तिथे 1 सप्टेंबर 2025 पासून बंदच झाले. म्हणून फोनवरून स्वस्त दिवा आणि बाटल्या मागवून घरी प्रयोग करणे मला पसंत नाही. एका कंपनीची बाटली आणि दुसरीचा दिवा जुळला नाही तर थर वरून कडक दिसतो, आत कच्चाच राहतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या एका भाचीने तालुक्याच्या गावी नखांचे काम शिकून नोकरी धरली. दिवसाला सहा-सात गिऱ्हाइके. हातमोजे मागितले तर मालकीण म्हणायची, "गिऱ्हाइकाला वाईट दिसते." तोंडाला फडके नाही, खिडकी बंद, कारण वातानुकूलन चालू. आठव्या महिन्यात तिची बोटे सोलली. कांदा चिरता येईना, ताकाची रवी धरवेना. त्वचेच्या डॉक्टरांनी चाचणी करून सांगितले की हे काम आता नाही. शिकण्यासाठी तिच्या वडिलांनी एक रेडकू विकले होते. गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांतून एक तास, पण काम करणारीला दिवसभर तीच भुकटी, तोच वास, तेच द्रव. आपल्या मुलींना या कामाला पाठवताना पगाराआधी विचारा: रसायनाचे हातमोजे मिळतात का, धूळ ओढणारा पंखा आहे का, खिडकी उघडते का. ही मागणी करायला लाजायचे कारण नाही. फवारणीला जाणाऱ्या मुलाला आपण तोंड बांध म्हणून सांगतोच ना?

तिच्याच धाकट्या बहिणीची गोष्ट वेगळी. लग्नानंतर जेलची कड सुटली, तिने ती सोलून काढली. शेंग सोलावी तशी. "मावशी, सोपे गेले गं," म्हणाली. तिच्या नखाचेच वरचे पापुद्रे त्याबरोबर निघाले होते. नखे कागदासारखी झाली, हिरवी मिरची चिरली की आग आग. नवे नख मुळापासून टोकापर्यंत यायला साधारण सहा महिने लागतात, तेवढे तिने भोगले. तेव्हा पार्लरला जाऊन काढायला सवड नसेल तर लावूच नये, असे मी आता स्पष्ट सांगते. घरी काढायचे असेल तर चुलीपासून, मेणबत्तीपासून दूर, उघड्या ओट्यावर. ॲसिटोन रॉकेलपेक्षाही चटकन पेट घेते. नंतर आठवडाभर रोज रात्री खोबरेल चोळावे.

रोसाचा विषयही आई मंडळी काढतात. नारळाचा रस आणि तेल लागल्यावर जेल धरत नाही, हे खरे. म्हणून नखे रोसाच्या आधी करून घ्यावीत. घट्ट झालेल्या जेलला नंतर तेलाने काही होत नाही. हळदीने मात्र फिका रंग पिवळा पडतो, तेव्हा हळद लागणार असेल तर गडद रंग घ्यावा. आणि पार्लरवालीने नखाच्या मुळाची पातळ कातडी कापायला घेतली की हात मागे घ्यावा. ती कातडी जंतूंना अडवणारा बांध आहे. बांध कोणी फोडते का?

बाळंतपण जवळ आलेल्या किंवा शस्त्रक्रिया ठरलेल्या बाईने यातले काहीच लावू नये. रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा बोटालाच लावतात, गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो, आणि नखांचा खरा रंगही डॉक्टरांना पाहावा लागतो. साधा नखरंग परिचारिका मिनिटात पुसते. जेल पुसले जात नाही. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर ॲसिटोन कुठून आणणार?

माझ्या त्या थोरल्या भाचीचे लग्न येत्या मे महिन्यात आहे. तिला जेल नाही, डिप नाही, काहीच चालणार नाही. परसातल्या मेंदीची पाने वाटून लावायची असे ठरले आहे. बाजारातली काळी मेंदी मी आणू दिली नाही, तिच्यात मिसळलेल्या केस रंगवायच्या द्रव्यानेही कातडी भाजते. पाटा धुऊन ठेवला आहे, पाने आदल्या दिवशी तोडू.