रंग लपवतो, घासणं दाखवतं



आज जरा भांडायचंच ठरवलंय. विषय ऐकून हसाल, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आहे सायकलची क्रँक, म्हणजे पायडल ज्या दांड्याला लावलेलं असतं तो दांडा.

लेक कॉलेजला सायकलने जाते. सायकल माझ्या भावाची, जुनी, गिअरची. सर्व्हिसिंगला दिली ती परत आली चकचकीत. बिलात ‘क्रँक पॉलिश’ असं लिहून पैसेही लावलेले. तीन आठवड्यांत बूट घासून घासून चकाकी उडाली आणि कळलं, पॉलिश कसलं, चंदेरी स्प्रे मारला होता! चिडून मीच वॉटर पेपर घेऊन बसले. रंग निघाला, खालची धातू दिसायला लागली आणि डाव्या दांड्यावर पायडलच्या भोकापासून निघालेली केसासारखी बारीक रेघ दिसली. ती तडा होती.

चढावर मुलगी उभी राहून पायडल मारते. त्या क्षणी दांडा तुटला असता तर काय झालं असतं, ते लिहवत नाही.

म्हणून माझं ठाम मत: जुन्या धातूवर रंग मारून त्याला पॉलिश म्हणणं ही फसवणूक आहे, आणि ‘मशीनचं काम आपलं नाही’ म्हणून ती चालवून घेणाऱ्या आपणही तिला जबाबदार आहोत. पितळेच्या समईच्या कोपऱ्यात काळं राहिलं तर आपल्याला झोप येत नाही. पोरं ज्या सायकलवर रोज बसतात तिच्याकडे मात्र वर्षभर पाहत नाही.

जाऊबाई म्हणाल्या, “अगं, सायकलचा दांडा एवढा चमकवून कुणाला दाखवायचाय? हाही मोहच.” त्यांचं अर्धं बरोबर आहे. लोकांनी वा वा म्हणावं म्हणून चमकवलं तर मोहच. पण घासताना हात आणि डोळा दांड्याच्या प्रत्येक बोटभर जागेवरून फिरतो. ती तपासणी आहे. चकाकी नंतर आपोआप येते.

आता करायचं कसं, ते सांगते. आधी क्रँकला लोहचुंबक लावा. चिकटलं तर पोलाद, आणि वर बहुधा क्रोमचा मुलामा. त्यावर वॉटर पेपर अजिबात नको. मुलामा पातळ असतो, एकदा गेला की गंज आलाच. अशा क्रँकला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, वरवरचा गंज निघतो.

चुंबक चिकटलं नाही तर क्रँक अ‍ॅल्युमिनियमची. तिच्यावर बहुतेक वेळा कारखान्यातच दिलेला कडक पारदर्शक थर असतो. तो आहे तोवर कितीही पॉलिश चोळा, आरसा होत नाही. इथेच घाईची मंडळी कॉस्टिक सोडा सुचवतात. घरात हे करू नका! कॉस्टिकने थर जातो, पण अ‍ॅल्युमिनियमशी त्याची गाठ पडली की उष्णता आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. थेंब उडाला तर कातडी भाजते, डोळा जाऊ शकतो. शिवाय ते पाणी मोरीत ओतलं की तिथल्या जिवांचं काय? पाणी गाळून पिणाऱ्या घरात हा यत्नाचार कुठला?

त्यापेक्षा हात चालवा. दांडे सायकलवरून काढून घ्या. त्याला पुलर लागतो, तेवढं मेकॅनिककडून करून घेतलं तरी चालेल. पायडल घरी काढणार असाल तर लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. मग वॉटर पेपर 320, 600, 1000 आणि शेवटी 2000 नंबरचा. पेपर ओला ठेवा, म्हणजे धूळ उडत नाही. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नका. मधलं चौकोनी भोक मात्र घासायचं नाही, तिथली पकड सैल होईल. ओरखडा असेल तर बारीक पेपरने जातो. जी रेघ जात नाही आणि काळं धरून ठेवते, तिच्यावर संशय घ्या. भोकाभोवती आणि सांध्यांपाशी नीट पाहा. तडा दिसला तर तो दांडा थेट भंगारात, तिथे काटकसर नको.

शेवटी धातूचं पेस्ट पॉलिश सुती फडक्यावर घेऊन चोळा. फडकं काळं झालं की समजा, काम होतंय. ते फडकं स्वयंपाकघरात परत आणू नका. चिंच-लिंबू पितळेसाठी राहू द्या, इथे त्यांचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी. पॉलिशच्या काही वड्यांमध्ये जनावराची चरबी असते. वरून लावायचं मेणही मधमाश्यांचं असू शकतं. विचारून घ्या. कार्नौबा मेण ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानांवरचं असतं, ते चालतं. मेण लावलं तरी काही महिन्यांनी धातू मंद होणारच, तेव्हा पुन्हा चोळायचं. म्हणजे पुन्हा तपासणीही होते.

मला दोन रविवार दुपार लागल्या, बोटंही दुखली. दुकानदाराला तडा गेलेला दांडा नेऊन दाखवला. त्याने पूर्ण नवा सेट घ्या म्हटलं. मी फक्त डावा दांडा घेतला, जुनाच, तडा नाही ना हे उन्हात फिरवून पाहून. चौकोनी भोक जुळतंय हे बघितलं आणि लांबी मागच्या बाजूला कोरलेली असते ती जुळवली, 170 मिलिमीटर. चांगला उजवा दांडा का फेकायचा?

सध्या उजवा दांडा आरशासारखा आहे आणि डावा राखाडी. लेक म्हणते, “आई, विजोड दिसतंय.” म्हटलं, येत्या रविवारी तू बस, पेपर मी भिजवून देते.

तुम्हीही या रविवारी घरातली सायकल उन्हात आडवी करा. क्रँकवर चंदेरी रंग दिसला तर नखाने खरवडून पाहा.