मताधिकाराला जामीनदार कशाला?

तुरुंगातील माणूस निवडणूक लढवू शकतो, जिंकू शकतो. मत मात्र देऊ शकत नाही. २०२४ साली बारामुल्लातून लोकसभेवर निवडून आलेले इंजिनिअर रशीद हे तिहार तुरुंगातील कच्चे कैदी होते. लाखो मतदारांनी त्यांना निवडले. पण कायद्याने त्यांच्या स्वतःच्या हाताला शाई लागू शकत नव्हती. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२(५) चा हा प्रताप आहे.

हे कलम गुन्हेगार आणि आरोपी असा भेदच करीत नाही. तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्या कोणालाही मतदान करता येत नाही. संविधानाचे कलम ३२६ प्रौढ मताधिकार देते आणि तो नाकारण्याच्या कारणांत 'गुन्हा' हा शब्द वापरते. ज्याचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, त्याने कोणता गुन्हा केला? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन!

आता दुसरी बाजू पाहा. त्याच कलमाखाली अटक झालेला, पण जामिनावर सुटलेला श्रीमंत आरोपी मोटारीतून उतरून मतदान करतो. इतकेच काय, शिक्षा झालेला पण अपिलात जामीन मिळवलेला माणूसही मत देतो. मग मत कशामुळे जाते? गुन्ह्यामुळे खचितच नाही. ते जाते जामीनदार नसल्यामुळे, सातबारा नसल्यामुळे, वकिलाची फी नसल्यामुळे. हे कोणाकडे नसते, ते आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचे तुरुंगातील प्रमाण लोकसंख्येतील वाट्याहून अधिक आहे. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्या पारध्यांच्या पालावर आजही चोरी झाली की पहिली धाड पडते.

अमेरिकेत हाच खेळ वेगळ्या पटावर चालतो. फ्लोरिडात शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांचा मताधिकारही कायमचा जात असे आणि त्याचा फटका काळ्या समाजाला सर्वाधिक बसे. २०१८ साली तेथील जनतेने सुमारे ६५ टक्के मतांनी हा अधिकार परत दिला. खून व लैंगिक गुन्हे तेवढे वगळले. लगेच २०१९ मध्ये राज्यकर्त्यांनी कायदा केला : आधी दंड आणि कोर्टाची फी भरा, मग मत द्या! २०२० साली अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तबही केले. तेथे दंडाची पावती, येथे जामिनाचा कागद. मताला किंमत लावण्याची रीत एकच.

बाबासाहेबांनी हीच रीत मोडली होती. मालमत्ता आणि कर पाहून मताधिकार देण्याच्या काळात, १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. मालमत्तेची अट समोरच्या दाराने हाकलली. ती तुरुंगाच्या दाराने परत आली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे कलम वैध ठरविताना पोलीस बळ आणि व्यवस्थेच्या अडचणीचेही कारण दिले. पण प्रतिबंधक स्थानबद्धतेतील बंदी आजही टपालाने मत देतात. एकाच तुरुंगात एका बराकीत मतपत्रिका पोहोचते आणि शेजारच्या बराकीत पोहोचत नाही, ही अडचण कसली? दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ साली कैद्यांच्या मतदानाची सोय करण्याचा आदेश दिला. वर्णभेदाच्या तुरुंगातून बाहेर आलेल्या त्या देशाला मताचे मोल कळले होते.

आमची मागणी स्पष्ट आहे. निदान कच्च्या कैद्यांना तरी टपाली मतदान द्या. मात्र संसदेची वाट पाहत बसणे चळवळीला परवडणारे नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. फाशी व जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी याला अपवाद आहेत. आपल्या वकिलांनी जिल्ह्याजिल्ह्यांत अशी प्रकरणे शोधावीत. कार्यकर्त्यांनी सुटून आलेल्या प्रत्येकाचे नाव मतदारयादीत आहे का ते पाहावे. नसेल तर नमुना ६ भरून घ्यावा. तुरुंगात गेला म्हणून यादीतले नाव जात नाही, हे कायदाच सांगतो. ते वस्तीवस्तीत सांगणे आपले काम आहे.