मुलाचे औषध बदलण्याआधी एसी उघडून पाहा

मुंबई, ठाणे आणि कोकण किनाऱ्यावरील सर्व पालकांस,

पावसाळा लागला की बालरोगतज्ज्ञांकडे रांगा लागतात. रात्रभर खोकला, छातीत घरघर, सकाळी चोंदलेले नाक. सिरप बदलते, नेब्युलायझर विकत आणला जातो, मुलाचे केळे आणि दही बंद होते. पण ज्या बंद खोलीत ते रात्रभर श्वास घेते, तिथला एसी आतून कसा आहे हे कोणी पाहत नाही. ही हयगय आता थांबली पाहिजे.

एसीची कॉइल थंड असते. दमट हवेतील वाफेचे तिच्यावर पाणी होते, ते खालच्या ट्रेमध्ये उतरते आणि नळीवाटे बाहेर जाते. नळी तुंबली की पाणी आतच साचते. ओल, अंधार आणि धूळ एवढ्यावर बुरशी पोसते. ओल्या जागी ती एक-दोन दिवसांतही धरते. मग ब्लोअर फिरला की तिचे बीजाणू खोलीभर उडतात. घरातले बहुतेक स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा घेतच नाहीत, खोलीतलीच हवा फिरवतात. समोरची जाळी धूळ अडवते. बारीक बीजाणू तिच्यातून सहज निसटतात.

मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, तान्हे बाळ ३० हून अधिक. त्याच्या श्वासनलिका अरुंद. थोडी सूज आली तरी धाप लागते. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाचे विकार व दमा बळावतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितले आहे. प्रत्येक खोकला एसीमुळेच होतो, असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टरांचे औषध चालूच ठेवा. पण कारण घरात तसेच राहिले, तर औषध तरी किती पुरे पडेल?

इंग्लंडमधील रॉचडेल येथे २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातील बुरशीमुळे दगावला. ती बुरशी भिंतींवरची होती आणि तिच्यावर रंग मारा, असे त्याच्या वडिलांना सांगण्यात आले होते. त्याच्या मृत्यूनंतर २०२३ मध्ये तिथे कायदा झाला: सामाजिक गृहनिर्माणातील घरमालकांनी ओल आणि बुरशीची दखल ठरलेल्या मुदतीत घेतलीच पाहिजे. आपण मूल दगावण्याची वाट पाहायची का?

आमच्या मागण्या:

१. शाळा, बालवाड्या व पाळणाघरांनी पावसाळ्याआधी आणि नंतर कॉइल, ब्लोअर, ट्रे व नळी साफ करून घ्यावी आणि सफाईची तारीख दारावर लावावी.

२. एसीची सफाई व गळतीची दुरुस्ती ही घरमालकाची जबाबदारी म्हणून भाडेकरारात लिहावी.

३. एसी सर्व्हिसवाल्यांनी नुसती जाळी धुऊन आणि गॅस तपासून सर्व्हिसचे बिल लावणे बंद करावे. ब्लोअर साफ झालेला ग्राहकाला दाखवावा.

४. बाहेरच्या भिंतींची गळती सोसायट्यांनी पावसाआधी काढावी.

घरी आजपासून जाळी दर पंधरवड्याला धुऊन पूर्ण वाळवा. एसी बंद करण्यापूर्वी थोडा वेळ नुसता फॅन चालवा. ऊन असेल तेव्हा खिडक्या उघडा. कुबट वास आला तर अगरबत्तीने तो झाकू नका. त्या धुराचाही मुलाला त्रास होतो. सफाई चालू असताना मूल दुसऱ्या खोलीत ठेवा.

हे पत्रक शाळेच्या पालकसभेत आणि सोसायटीच्या सभेत वाचून दाखवा. शेवटची सफाई कधी झाली, हे लेखी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

— आपल्यासारखेच काही पालक